चाळीस ग्रॅमचा वाद

एका पिस्टनमधून चाळीस ग्रॅम धातू काढायचा की ठेवायचा, भांडण एवढंच आहे. त्यासाठी मी एक मामा आणि एक भाचा रचला आहे. मामांचं वर्कशॉप माकणीला, लोहारा तालुक्यात, तेरणेवर निम्न तेरणा धरण आहे त्या गावात. एक लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंग आणि उसाच्या हंगामात दारात ट्रॅक्टरची रांग. भाचा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये इंजिनाकडे. माणसं खोटी, त्यांच्या तोंडचे आकडे खरे. शहरातल्या दोन इंजिनिअरांना बोलतं केलं असतं तर वाद लवकर मिटला असता. दोघांनी एकच पुस्तक वाचलेलं असतं.

स्पर्धा म्हणजे फॉर्म्युला भारत. देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं एका माणसाची छोटी रेसगाडी स्वतः बनवतात आणि कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर नेऊन पळवतात. सुट्टीत भाचा माकणीला आला तो पिशवीत पिस्टन घेऊनच.

मामा : इंजिन कुठलं म्हणालास?

भाचा : जुन्या केटीएम ३९०चं. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेलं. ३७३ सीसी, सिंगल सिलेंडर. नियमात ७१० सीसीपर्यंत चालतं, पण चार सिलेंडरचं घेतलं की वजन आणि पैसा दोन्ही वाढतात.

मामा : आणि कंपनीनं पिस्टन कसला दिलाय?

भाचा : फोर्ज्ड.

मामा : म्हणजे ठोकून घडवलेला. आधीच चांगला दिलाय की. त्याला तू आणखी काय करायलास?

भाचा : स्कर्ट कापायचा, गजन पिन आखूड करायची, पिनच्या आतलं भोक मोठं करायचं. चाळीस ग्रॅम निघतात.

मामा : गाडी किती किलोची?

भाचा : ड्रायव्हर धरून पावणेतीनशेच्या आसपास.

मामा : मग ड्रायव्हरला म्हण, सकाळी नाश्ता करू नको. चाळीस ग्रॅम तिथंच निघतील. इंजिन कशाला खोलायलास?

भाचा हसला नाही. हा टोमणा त्यानं कॉलेजातही ऐकला असणार. त्यानं पिशवीतून वही काढली.

भाचा : ड्रायव्हर बसून राहतो, मामा. पिस्टन बसत नाही. या इंजिनाचा स्ट्रोक ६० मिलिमीटर. ९००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला दीडशे वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. नुसत्या क्रँकच्या हिशेबानं त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २७०० पट निघतो. कनेक्टिंग रॉड तिरका होतो त्यामुळे टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, त्याहून जास्त. म्हणजे तुमचे हे चाळीस ग्रॅम तिथं शंभर किलोच्या वर भरतात. टीडीसीला सव्वाशेच्या पुढे. तेवढं ओझं कनेक्टिंगला, त्याच्या बोल्टला आणि बेअरिंगला दर फेऱ्याला ओढतं.

मामा : आणि आमच्या ट्रॅक्टरला?

भाचा : तो दोन हजारावर चालतो, स्ट्रोक याच्या दुपटीच्या आसपास. तिथं तेच चाळीस ग्रॅम दहा किलोसारखे वागतात.

हा फरक समजला की मामांचा स्वभावही समजतो. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते, तिप्पट झाले की नऊपट. मामांचं सगळं आयुष्य या चढाच्या पायथ्याशी गेलं. तिथं जास्तीच्या धातूचा दंड जवळजवळ लागत नाही आणि फायदा मात्र रोज दिसतो. दुकानात पार्ट हातात घेऊन तोलायचा, जड लागला तो चांगला, ही त्यांची परीक्षा त्या जगात फारशी चुकत नाही. उलट ट्रॅक्टरला वजन मुद्दाम घालावं लागतं : पुढे लोखंडी वजनं टांगतात, मागच्या टायरात पाणी भरतात, नाहीतर चाक जागेवर फिरतं. ब्लॉक आणि गिअरबॉक्स हाच त्याचा सांगाडा, वेगळी चेसिस नाही. दोन ट्रॉल्या ऊस मागे असताना इंजिन हलकं हवं असं कुठलाही ड्रायव्हर म्हणणार नाही.

मामा : माझ्या बापाच्या काळात विहिरीवर ऑइल इंजन होतं. पाच घोड्याचं. दोन्ही बाजूंना दोन फुटांची चाकं, साडेसहाशे फेरे. ते जड होतं म्हणून तर चालायचं. सिंगल सिलेंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ताकद मिळते. बाकीचा वेळ चाकच ओढून नेतं. ते हलकं कर, आणि बघ कसं गचके खातंय.

भाचा : चाकाचं बरोबर आहे. त्याचं कामच वजनाचं. पण तेच चाक तुम्ही तीन हजारावर फिरवाल का?

मामा : नाही. फुटंल.

भाचा : का फुटेल? आणखी जाड केलं तर?

मामा गप्प बसले, आणि इथं कुणीही बसेल. फिरत्या चाकाची कड स्वतःच्याच वजनानं बाहेर ताणली जाते. कड जाड केली तर ताणणारं वजनही तितकंच वाढतं आणि धरून ठेवणारा धातूही तितकाच वाढतो. ताण होता तेवढाच राहतो. तो ठरतो धातूच्या घनतेवर आणि कडेच्या वेगाच्या वर्गावर. बिडाच्या चाकाला कडेचा वेग सेकंदाला साधारण ३० मीटरच्या आत ठेवायचा, असा जुना दंडक आहे. दोन फुटांचं चाक ६५० फेऱ्यांना वीस-एकवीस मीटरवर असतं, म्हणून त्या इंजनांनी पिढ्या काढल्या. तीन हजारावर तो वेग पंचाण्णवच्या घरात जातो. तिथं जाडीचा उपयोग नाही. हलका किंवा चिवट धातूच लागतो.

मला वाटलं होतं भाचा आता जिंकला. पण यानंतर तो जे बोलला ते जरा धीटच होतं.

भाचा : मामा, राग मानू नका. पण वजनानं काय होतं हे या भागाला सांगायची गरज आहे का?

मामा : म्हणजे?

भाचा : ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. किल्लारी इथून किती लांब? सास्तूर तर आपल्याच तालुक्यात. माळवदाची घरं. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, वर फूटभर-दीड फूट माती. सगळ्यांना ती मजबूत वाटायची, जड होती म्हणून. जमीन हलली तेव्हा तेच वजन अंगावर आलं. पत्र्याची, कुडाची घरं त्या मानानं वाचली. जितकं वस्तुमान, तितका हलताना जोर. पिस्टनचं गणित तेच आहे.

ही तुलना नेमकी आहे, म्हणून मी ती राहू दिली. स्थिर उभ्या भिंतीला वजन आधार देतं. तिला झटका दिला की तेच वजन हल्ला करतं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे. मामांनी लेथचा स्विच बंद केला आणि उत्तर दिलं.

मामा : आमच्या घराचा ढिगारा मी स्वतः उपसलाय. तू तेव्हा जन्मायचा होतास. आता मी सांगतो ते ऐक. वजन होतं, खरं. पण भिंती कशा फुटल्या? बाहेरून एक पदर दगड, आतून एक पदर दगड, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पदरांना धरणारा आडवा दगड कुणी घातलाच नव्हता. हलल्याबरोबर पदर सुटले, भिंत पोट काढून फुगली आणि बसली. आणि त्याच गावांत खणाची घरं होती, लाकडी खांब-तुळयांची. त्यांतली बरीच, भिंती पडल्या तरी सांगाड्यावर उभी राहिली. माती त्यांच्याही डोक्यावर होतीच की. नंतर सरकारी इंजिनिअर आले, त्यांनी काय सांगितलं? छपराची माती कमी करा, हे सांगितलं. आणि भिंतीत आरपार जोडदगड घाला, वरून पट्टा बांधा, हेही सांगितलं. तू अर्धंच घेऊन आलास. तुझ्या इंजनात जोडदगड कुठला?

भाचा : (जरा थांबून) रॉडचे बोल्ट.

मामा : ते नवीन घेतलेस?

भाचा : तेच वापरणार होतो.

मामा : पिस्टनला हजारो रुपये, आणि बोल्ट जुने!

मामा इथं पूर्ण बरोबर आहेत आणि पुस्तकही त्यांच्याच बाजूनं आहे. जास्त फेऱ्यांवर कनेक्टिंग तुटतं तेव्हा संशयित म्हणून पहिल्यांदा बोल्टकडेच बघतात. बिग एंडची, म्हणजे क्रँकला धरणाऱ्या टोकाची, टोपी धरणारे दोन बोल्ट दर फेऱ्याला ओढले जातात. ते पुरेसे ताणून बसवलेले असतील तर बाहेरच्या ओढीचा थोडाच भाग त्यांच्यापर्यंत पोचतो. ढिले असतील तर प्रत्येक झटका पूर्ण बसतो. म्हणून रेसवाले पाना किती जोरानं फिरला यावर भिस्त ठेवत नाहीत, बोल्ट प्रत्यक्ष किती लांबला हे मायक्रोमीटरनं मोजतात. एकदा हद्दीपर्यंत ताणायचे असे बोल्ट दुसऱ्यांदा वापरत नाहीत. यात वजनाचा प्रश्नच येत नाही, आणि तरी इंजिन जगणार की ब्लॉक फोडून कनेक्टिंग बाहेर येणार, हे इथं ठरतं.

मग मामांनी त्यांच्या टेबलावरचा एक रॉड दाखवला. रॉड आणि टोपीची जोडी चुकू नये म्हणून दोन्हीवर पंच मारून आकडे घातले होते, आपल्याकडे सगळीकडे घालतात तसे. भाच्यानं बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

भाचा : हे माझ्या रॉडवर मारायचं नाही हं. पंचाच्या खुणेतून चीर सुरू होते.

मामा : बाजूच्या जाड भागावर मारलंय, अंगावर नाही. चाळीस वर्षांत एकही तिथून तुटलं नाही.

भाचा : तुमच्याकडे जाड भाग आहे म्हणून. हलक्या रॉडला तो जाड भागच ठेवलेला नसतो. टायटॅनियमच्या रॉडवर तर ओरखडाही चालत नाही.

हलक्या पार्टची खरी किंमत इथं दिसते. जड पार्ट चूक पोटात घालतो. हलका घालत नाही. टायटॅनियमची घनता साडेचार, पोलादाची पावणेआठच्या पुढे. म्हणून मोह होतो. पण ते पोलादाच्या निम्म्यानं ताठ, म्हणजे ओढीखाली बिग एंडचा गोल जास्त लंबुळका होतो. आणि धातूवर धातू घासला तर ते चिकटून सोलवटतं, म्हणून वर लेप लागतो. तरीही होंडानं १९९० साली एनएसएक्स या रस्त्यावरच्या गाडीत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड घातले आणि ८००० आरपीएमपर्यंत मुभा दिली. विकायची, रोज चालवायची गाडी होती ती. हलकं ते नाजूकच, हे काही खरं नाही. मात्र त्यासाठी होंडाची शिस्त लागते, आणि ती वर्कशॉपच्या दारातून पिशवीत आणता येत नाही.

मामा : बरं, बोल्ट नवीन घातले. आता सांग, हा तुझा हलका पिस्टन किती दिवस चालंल?

भाचा : दिवस नाही, तास. एन्ड्युरन्स २२ किलोमीटरची असते, अर्ध्या तासाच्या आसपास. सराव धरून वीस-पंचवीस तास चालला तरी बास.

मामा : वीस तास! अरे, हंगामात आमचा ट्रॅक्टर वीस तास दीड दिवसात चालतो.

भाचा : माझे वीस तास म्हणजे किती फेरे, माहीत आहे? ९००० ला तासाला पाच लाख चाळीस हजार. अठरा-साडेअठरा तासांत एक कोटी.

कोटी हा आकडा उगाच आलेला नाही. पोलादाला एक सोय आहे : ताण ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला आणि पार्ट कोटीभर फेरे टिकला तर पुढे तो जवळजवळ कायमचा टिकतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कमी असेल तर जास्त फेरे, जास्त असेल तर कमी, पण हिशेब चालूच राहतो. पिस्टन ॲल्युमिनियमचे. ड्रॅग रेसवाले तर रॉडही ॲल्युमिनियमचे घालतात, हलके आणि धक्का सोसणारे म्हणून, आणि ठरल्या फेऱ्यांनंतर काढून टाकतात. पिस्टनच्या मिश्रधातूतही हीच निवड. २६१८ नावाच्या धातूत सिलिकॉन जवळजवळ नसतं. तो चिवट, मार खाणारा, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये सैल ठेवावा लागतो, थंड इंजिनात टकटक वाजतो आणि रिंगच्या खाचा लवकर झिजतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास. तो कमी फुगतो, जास्त दिवस चालतो, पण डिटोनेशनचा फटका बसला की तडकतो. यातलं ‘टिकाऊ’ कुठलं, हे कामावर ठरतं, आणि हे कॅटलॉगमध्ये कुणी इतकं सरळ लिहीत नाही.

भाचा : फॉर्म्युला वनमध्ये तर शर्यत संपली की इंजिन संपलं, असंच होतं.

मामा : होतं, म्हणजे आता नाही?

याला भाच्यानं दिलेलं उत्तर त्याच्याच विरुद्ध गेलं. २००४ पासून नियम आला की एक इंजिन शर्यतीचे सगळे दिवस चाललं पाहिजे. २००५ला तेच दोन शर्यतींना. २०१४ला अख्ख्या हंगामाला पाच, २०१८ला तीन. वजनालाही खालून कुंपण घातलं : २००६च्या व्ही-८ इंजिनाला किमान ९५ किलो, २०१४च्या टर्बो हायब्रिडला १४५. मर्सिडीजच्या इंजिनात ॲल्युमिनियम-बेरिलियमचे पिस्टन होते, अतिशय हलके आणि ताठ. पण बेरिलियमची धूळ विषारी आणि खर्च अफाट, तेही २००१ पासून बंद केले. जगातल्या सगळ्यांत पैसेवाल्या टीमांना वजन कमी करत जाण्यापासून अडवायला नियम लागले. आपल्या मनानं कुणीच थांबलं नसतं. भाचाही थांबणार नाही. त्याच्या वहीत पुढचं पान क्रँक छाटण्याचं होतं.

मामा : माझ्याकडे इंजन आलं, बोअर गेला, तर मी स्लीव्ह बदलतो नाहीतर बोअर मारतो, ओव्हरसाइज पिस्टन घालतो. गडी परत शेतात. तुझ्या या सिलेंडरला स्लीव्ह कुठाय?

भाचा : स्लीव्ह नाही. ॲल्युमिनियमवर निकासिलचा लेप आहे. बिडापेक्षा हलका, उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि झिजतही कमी. इथं हलकं आणि टिकाऊ एकच आहे, मामा.

मामा : आणि ओरखडा पडला तर?

भाचा : लेप परत चढवायला पाठवायचा, नाहीतर सिलेंडर नवीन.

मामा : म्हणजे माझ्या लेथवर नाही होत.

भाचा : नाही होत.

मला मामांची बाजू इथं सर्वांत भक्कम वाटते, जरी आकडे भाच्याकडे असले तरी. निकासिल जास्त दिवस जगतो. बिडाची स्लीव्ह जास्त वेळा जगवता येते. माकणीत, जिथं पार्टसाठी सोलापूर-लातूरची वाट धरावी लागते आणि कारखान्याची तोडणी थांबत नाही, तिथं दुसरीच गोष्ट पोट भरते.

मग मामांनी एक प्रश्न विचारला तो सगळ्या वहीत नव्हता. मोटरसायकल वळणावर झुकते, गाडी झुकत नाही. मग वळताना तेल कुठं जातं?

भाचा : बाहेरच्या बाजूला.

मामा : आणि पंप कुठून ओढतो?

भाचा : ... तेल अडवायला बॅफल घालायचं आहे. अजून केलं नाही.

मामा : पिस्टन मरतो तो वजनानं कमी आणि तेलावाचून जास्त. लांब वळणावर दोन-तीन सेकंद पंपानं हवा खाल्ली की तुझं बिग एंड गेलं. चाळीस ग्रॅम राहू दे. आधी तेलाच्या संपमध्ये पत्रा घाल. त्यानं वजन वाढंल, वाढू दे.

भाचा : घालतो. पण पिस्टन मी हलका करणारच. वीस तासांनी काढून टाकणार.

मामा : काढून कुठं टाकणार?

भाचा : भंगारात.

मामा : भंगारवाल्याकडून तो कुणाच्या तरी गाडीत बसंल. केटीएम काय कमी आहेत इकडं? दिसायला नवाकोरा, फोर्ज्ड, कोण सोडंल? त्याच्या पोटात किती फेरे झाले ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

भाचा : मग कापून टाकतो.

मामा : काप. इथं आणून काप, माझ्यासमोर. आणि तास लिहायची वही तू ठेवणार की तुमच्या टीममधलं दुसरं कोण? पोरं पास होऊन जातात दर वर्षी. पुढच्या वर्षीच्या पोराला कोण सांगंल, हा वीस तासांचा आहे म्हणून?

भाच्यानं वही उघडली आणि क्रँकच्या पानाच्या मागे रकाने आखायला घेतले : तारीख, तास, आरपीएम, तेल. मामांनी आणखी एक रकाना घालायला लावला, बोल्ट कधी बदलले त्याचा. चाळीस ग्रॅमबद्दल दोघांचं अजून एकमत नाही.